‘पल्’वरचा ठिपका

गुरुवारी सकाळी त्रिविक्रमच्या यंत्राने ठिपके कापायचे सोडून दिले.

अक्षरे ते नीट कापत होते. आडव्या रेघा, उभ्या रेघा, मोठी वळणे, सगळे ठीक. पण ठिपका आला की पाते गोल फिरून जिथून निघाले तिथे पोचायच्या आधीच केसभर बाजूला थांबे. वर्तुळ मिटत नसे. मग भोवतालचा फालतू ताव सोलायला घेतला की ठिपकाही त्याच्याबरोबर उठून चालता होई.

मराठीत ठिपक्यावाचून एखादवेळी निभावेल. तमिळमध्ये निभत नाही. तिथे अक्षराचा पाय मोडायचा असला की डोक्यावर ठिपका देतात. तो नसला तर शब्द चुकल्यासारखा दिसत नाही, दुसराच कुठला तरी होऊन बसतो.

कुंभकोणमला नागेश्वरन देवळाच्या उत्तरेच्या रस्त्यावर त्रिविक्रमचे बोर्डांचे दुकान होते आणि मागे घर. आठ महिन्यांपूर्वी, सत्त्याण्णव सालच्या आरंभी, त्याने चेन्नईहून हे विनाइल कापायचे यंत्र जुने विकत आणले होते. चिकट पाठीचा रंगीत ताव रबरी रुळांतून मागेपुढे सरकायचा आणि वरून सुईएवढे पाते संगणक सांगेल ती अक्षरे कापत जायचे. पहिल्या दिवशी बघायला अर्धा रस्ता जमला होता. आले नव्हते फक्त त्याचे वडील, आणि ते तर दुकानातच स्टुलावर बसलेले होते.

हयग्रीवरावांनी पस्तीस वर्षे गावातले बोर्ड हाताने रंगवले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका पितळी भांड्यांच्या दुकानाच्या बोर्डावर शेवटची ओळ होडीत बसल्यासारखी डुलत आली. दुकानदार ‘छान झालं’ म्हणाला, आणि तेच त्यांना लागले. घरी येऊन त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. त्यानंतर दुकानात रोज यायचे, स्टुलावर बसायचे, पेपर वाचायचे. यंत्राचे नाव त्यांनी कधी काढले नाही. अगदीच वेळ आली तर ‘तो’ म्हणत. त्रिविक्रमला वाटे, अप्पांना यंत्राचा राग आहे. म्हणून तोही त्यांच्यापुढे यंत्राबद्दल चकार शब्द काढत नसे.

आणि आज नेमके डॉक्टर सरोजाचे काम होते.

सरोजा तिरुविडैमरुदूरची, त्रिविक्रमच्या घरासारखीच पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी माणसांतली. दातांची डॉक्टर होऊन आलेली आणि त्याच रस्त्यावर दहा दुकाने पलीकडे दवाखाना उघडणारी. शुक्रवारी राहूकाळ लागायच्या आत, म्हणजे साडेदहाच्या आत, उद्घाटन. दाराच्या मोठ्या काचेवर लाल अक्षरांत ‘सरोजा पल् मरुत्तुवमनै’ आणि खाली वेळ वगैरे. पल् म्हणजे दात. मरुत्तुवमनै म्हणजे दवाखाना. सगळे मिळून सहा ठिपके.

“पात्याचा जोर कमी पडूनऱ्हाला असेल,” त्रिविक्रम स्वतःशीच म्हणाला आणि त्याने जोर वाढवला. पात्याने स्टिकर कापला, त्याखालचा कागद कापला, त्याखालच्या पांढऱ्या पट्टीतही चर पाडला. आता पाते त्या चराच्या जागी आले की आगगाडीने सांधा बदलावा तसे ठेचकाळू लागले. त्याने पट्टी सोडवून उलटी बसवली. मग रूळ करकरताहेत असे वाटले, म्हणून कृष्णवेणीच्या शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. ते मुरायची वाट न बघता आणखी चार.

कृष्णवेणी त्याची बायको. फालतू ताव सोलायचे काम तिचे. सुईच्या टोकाने ती अक्षरांच्या पोटातले तुकडे असे उचले की बघत राहावे. ती हात पुसत बाहेर आली तेव्हा यंत्रातून ‘मरुत्तुवमनै’ बाहेर येत होते. पहिले अक्षर खाली, शेवटचे दोन बोटे वर.

“हे काय हो? दवाखाना स्वामीमलैच्या देवळाच्या पायऱ्या चढूनऱ्हालाय?”

“रूळ घसरूनऱ्हालेत.”

“का?”

कृष्णवेणीने रुळावरून बोट फिरवले, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. मग आत जाऊन वाटीत शिकेकाई कालवून आणली.

“यंत्राला शिकेकाई?” त्रिविक्रम घाबरला.

“शुक्रवारी माझ्या डोक्याचं तेल कशानं जातं? सरका.”

तिने जुन्या दातांच्या ब्रशाने एकेक रूळ घासला, ओल्या फडक्याने पुसला, कोरड्याने पुसला. कोपऱ्यात पेपरामागे हयग्रीवराव खोकले. ते हसणे होते की खोकला, कळले नाही. पण ताव सरळ जाऊ लागला. संध्याकाळी पाचपर्यंत सगळी अक्षरे कापून सोलून झाली. ठिपके मात्र सहाही निघून आले.

“ठिपके मी वेगळे ठेवते,” कृष्णवेणी म्हणाली. “पाठीचा गोंद चांगला आहे. उद्या अक्षरं काचेवर बसली की वरून एकेक हातानं लावा.”

तिने सुईने सहाही ठिपके फालतू तावातून सोडवले. मिटायचा राहिलेला केसभर भाग नखाने तोडला. मग ते कुठे धूळ लागणार नाही अशा जागी ठेवायचे म्हणून आतल्या आरशाच्या कडेला ओळीने चिकटवले. त्या आरशाच्या कडेला ती आपल्या तेवढ्याच लाल टिकल्याही चिकटवत असे. पण या गोष्टीकडे त्या वेळी कोणाचेच लक्ष गेले नाही.

शुक्रवारी पहाटे वीज गेलेली होती. कृष्णवेणीने न्हाऊन, चाचपडत, आरशाच्या कडेवरची एक टिकली काढून कपाळावर लावली. साडेनऊला त्रिविक्रमने त्याच आरशावरून मोजून सहा लाल गोल काढून घेतले आणि धावत दवाखाना गाठला.

काचेवर अक्षरे झकास बसली. ठिपके लावायला घेतले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि सरोजाचे काका दर मिनिटाला घड्याळ दाखवत होते. त्रिविक्रमने सहा ठिपके सहा डोक्यांवर चिकटवले, फडक्याने दाबले आणि बाजूला झाला. नारळ फुटला. कृष्णवेणीने सरोजाला कुंकू लावले. सगळ्यांनी पेढा खाल्ला, आणि दंतवैद्याच्या दारात पेढा खाताना जसे वाटायचे तसे सगळ्यांना थोडे वाटले.

साडेअकराला काचेवर ऊन आले. सहांपैकी पाच ठिपके विनाइलचे होते, ते उन्हाने आणखी घट्ट बसले. सहावी मखमली टिकली होती, कपाळासाठी केलेली. ती कडेने वळली, सुटली आणि पायरीवर पडली. ‘पल्’च्या डोक्यावरचीच.

पल् म्हणजे दात. ठिपका गेला की ते ‘पल’ होते, आणि पल म्हणजे पुष्कळ, नाना तऱ्हेचे. सरोजाच्या काचेवर आता ‘नाना तऱ्हांचा दवाखाना’ असे लिहिलेले होते.

पहिला आला तो चोळपुरमचा महालिंग नावाचा शेतकरी. बाजाराला आला होता, गुडघा दुखत होता. तो बाकावर बसला. त्याला बसलेला बघून एक बाई कानाचे दुखणे घेऊन बसली. दोघे बसलेत म्हणजे डॉक्टर चांगली असणार, असे म्हणून तिसरा. आत सरोजा पहिल्या रोग्याचे तोंड उघडायची वाट बघत, नव्या खुर्चीचा पेडल खालीवर करत बसली होती. बाहेर कुजबुज ऐकून तिने दार उघडले तर ओसरीवर अकरा माणसे.

तिच्या डोळ्यांत पाणीच आले. पहिल्या दिवशी अकरा!

“आत या,” ती महालिंगला म्हणाली. त्याला खुर्चीत बसवले, दिवा लावला. “तोंड उघडा.”

महालिंगने तोंड उघडले आणि धोतर गुडघ्याच्या वर घेतले.

सरोजा दचकून मागे सरली. “हे काय?”

“गुडघा,” महालिंग उघड्या तोंडाने म्हणाला.

“गुडघा मी बघत नाही. मी दात बघते.”

“मग दात बघून गुडघ्याचं सांगा,” महालिंग समजुतीने म्हणाला. शहरातले डॉक्टर जीभ बघून पोटाचे सांगतात हे त्याला माहीत होते.

कानवालीला तिने समजावून परत पाठवले. डोळेवाल्याला पाठवले. एका म्हातारीला सुनेची नाडी दाखवायची होती. एकजण शेळी घेऊन आला होता. ती नुसती बरोबर आहे की रोगी म्हणून आहे, हे विचारायची सरोजाची छाती झाली नाही. तीन वाजेतो ओसरीवर तेवीस माणसे झाली. ज्यांना नाही म्हटले तेही जाईनात. इतका वेळ बसलोय तर दुसरा डॉक्टर येईलच, म्हणून थांबले. बोर्डावर पुष्कळ लिहिले होते ना!

शेवटी तिरुनीलक्कुडीचा एक तालेवार माणूस उठून मोठ्याने म्हणाला, “खोटा बोर्ड लावून माणसं फसवतात. इथं एकच डॉक्टर आणि तीही पोरगी.”

सरोजा आत गेली आणि तिने दार लोटून घेतले.

हे सगळे दहा दुकाने अलीकडून हयग्रीवराव स्टुलावर बसून बघत होते. गर्दी बघून त्यांना आधी बरे वाटले. मग गर्दीतली शेळी दिसली. ते उठले, चपला घातल्या, काही न बोलता रस्त्याने गेले आणि काचेपासून वीस पावलांवर थांबले. डोळे बारीक केले. मग तसेच परत आले.

“विक्रमा,” ते म्हणाले. “ल वर ठिपका नाही.”

त्रिविक्रमच्या हातातला स्क्रू पडला. तो कृष्णवेणीला हाक मारून धावत सुटला.

पायरीवर गोल काहीतरी पडले होते. त्याने ते उचलले. मखमली. उलटून बघितले, परत सुलटे केले. मग सावकाश मान वर करून बायकोच्या कपाळाकडे बघितले. कपाळावरची टिकली आज जरा जास्तच चमकत होती.

“काय बघूनऱ्हालात?” कृष्णवेणी म्हणाली. “सकाळपासून खाज सुटलीय मज. नवं पाकीट वाईट निघालं.”

“वेणी, तो ‘पल्’चा ठिपका आहे.”

ती नखाने त्याची कड उचलू लागली. विनाइल घामेजल्या कपाळावर सकाळी सहापासून बसले होते. ते काही सहज निघायचे नव्हते. ओसरीवरची तेवीस माणसे, गुडघे आणि कान विसरून, पुढे सरकली. “हळू, हळू,” महालिंग म्हणाला. कृष्णवेणी “अय्यो” म्हणून ओरडली आणि ठिपका सुटला.

आवाजाने सरोजा दार उघडून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. तिने काच बघितली, त्रिविक्रमच्या बोटावरचा ठिपका बघितला, कृष्णवेणीचे रिकामे कपाळ आणि त्यावरचा गोल लाल वण बघितला. रागाने बोलायला उघडलेले तोंड तिने मिटले. आत जाऊन सकाळच्या ताटातला कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि वण झाकेल एवढे मोठे कुंकू कृष्णवेणीला लावले.

“आता दुखूनऱ्हालं?” तिने विचारले.

“तुझं जास्त दुखलं असेल ग,” कृष्णवेणी म्हणाली.

तिकडे त्रिविक्रम ठिपका काचेवर दाबत होता. पण त्याच्या गोंदात नऊ तासांचा घाम आणि पावडर मुरली होती. दाबला की बसे, हात काढला की पडे. तीनदा पडला. मग त्याने धावत जाऊन स्टिकरचा तुकडा आणला आणि कात्रीने ठिपका कापून लावला. सगळे बघत राहिले.

“दाढ दिसूनऱ्हाली,” कृष्णवेणी हळूच म्हणाली.

खरेच दाढ दिसत होती. खाली दोन मुळेसुद्धा. त्रिविक्रमने ती खरवडून काढली. तो घामाने निथळत होता. यंत्राला गोल येत नाही, त्याला गोल येत नाही, आणि आठ महिन्यांपूर्वी सगळ्या गावाला त्याने सांगितले होते की आता हाताच्या कामाचे दिवस गेले. ते सांगताना कोण स्टुलावर बसले होते, हे त्याला आत्ता आठवले.

गर्दीमागे हयग्रीवराव येऊन उभे होते. थरथरता हात दुसऱ्या हाताने धरून.

“अप्पा,” तो म्हणाला. “तुम्ही द्याल?”

“मी?” म्हातारे दचकले. “हात बघितलास माझा?”

“एकच ठिपका, अप्पा.”

“एका ठिपक्यालाच तर हात स्थिर...” ते बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, “ट्रंकेतला चार नंबरचा आण. आणि लाल इनॅमल. घट्ट झालं असेल, टर्पेंटाइन घाल. जास्त नक्को.”

ब्रश आला. हयग्रीवरावांनी तो वर्तमानपत्रातून सोडवला, केस ओठांनी सरळ केले, रंगात बुडवला. काचेपुढे हात नेला आणि तो पंख्याखालच्या कागदासारखा फडफडू लागला. त्यांनी हात खाली घेतला. कोणी काही बोलले नाही. शेळीही नाही.

“काका,” सरोजा पुढे झाली, “आम्हाला कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवतात. हात अधांतरी धरायचा नाही. शेजारच्या दातावर करंगळी टेकायची आणि मग पलीकडचा दात कोरायचा.” तिने त्यांची करंगळी हळूच उचलून काचेवर टेकवली.

“आम्ही काठी टेकत होतो,” हयग्रीवराव म्हणाले. “गोष्ट तीच.”

हात थरथरत होता, पण आता काचेला धरून थरथरत होता. त्यांनी ब्रशाचे टोक लावले आणि हात न हलवता अंगठा आणि बोट यांच्यात ब्रशाची दांडी फिरवली. सावकाश, एक पूर्ण वळसा. टोक जिथून निघाले तिथेच येऊन मिटले. मग आतून भरले.

त्रिविक्रम ठिपक्याकडे बघत नव्हता. तो दांडीकडे बघत होता.

“ती फिरवायची असते?”

“नाही तर गोल मिटेल कसा? वळणावर ब्रशानं मान वळवायला हवी.” हयग्रीवराव मागे सरून डोळे बारीक करून बघत होते. “तुझा तो वळवत नाही. गेले पंधरा दिवस मान आखडत चाललीय त्याची. आधी वळवायचा.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“रोज समोर बसूनऱ्हालों की.”

“मग सांगितलं का नाही, अप्पा?”

“तू विचारलंस कुठं?” म्हातारे म्हणाले. रागाने नाही. जरासे लाजूनच म्हणाले. “मज वाटलं, माझं बोलणं आता तुज अडचण.”

त्रिविक्रमने वडिलांच्या हातातला ब्रश घेतला आणि उगाच शर्टाला पुसला. नवा शर्ट होता.

तेवढ्यात महालिंग बाकावरून उठला. त्याने काच नीट वाचली. पल्. दात. तो सरोजाकडे वळून म्हणाला, “गुडघ्याचं राहू दे. डावीकडची एक दाढ आठवडाभर ठणकतेय. बसलोच आहे तर बघून टाका.” त्यावर कानवाली बाई परत आली होती ती म्हणाली, कान दुखतो तो बहुतेक दाढेमुळेच. आणि सरोजाने तपासले तर तसेच निघाले. तेवीस माणसांपैकी चौदांचे दात किडलेले होते. तालेवार माणसाचे दोन. त्याला तिने सगळ्यांत शेवटी घेतले.

दुकानात परत आल्यावर बापलेकांनी मिळून पात्याची नळी उघडली. हयग्रीवरावांनी चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, त्रिविक्रमने कृष्णवेणीची सुई आत घातली. पात्याच्या मानेभोवती लाल विनाइलची केसाएवढी बारीक चिंधी वेटोळे घालून बसली होती. ती ओढून काढली, नळी स्पिरिटने धुतली, आणि पाते नुसत्या फुंकरीने फिरू लागले.

“दर आठवड्याला हे धुवायला हवं,” हयग्रीवराव म्हणाले. “ब्रश धुतल्याशिवाय मी कधी जेवलो नाही.”

“तुम्हीच धुवाल?”

“माझा हात थरथरतो.”

“धुवायला थरथरलेलाच बरा, अप्पा. लवकर निघेल.”

हयग्रीवरावांना तो कालचाच खोकला आला. हसणेच होते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिविक्रमने यंत्रावर एक ठिपका कापला. वर्तुळ मिटले. सोलताना भोवतालचा ताव निघाला आणि ठिपका जागच्या जागी राहिला. अप्पांनी घाईत दिलेला रंग पुसून हा पक्का ठिपका लावावा, म्हणून तो डॉक्टरांकडे गेला.

अर्ध्या तासाने तो परत आला. ठिपका तसाच बोटावर.

“लावला नाहीस?” हयग्रीवरावांनी विचारले.

“डॉक्टरम्मा हात लावू देत नाहीत,” त्रिविक्रम म्हणाला. “आणि अप्पा, खाली कोपऱ्यात ‘हयग्रीव, कुंभकोणम्’ अशी सही कधी केलीत? दवाखान्याच्या वेळेपेक्षा मोठी आहे ती.”

“तू टर्पेंटाइनचा डबा परत ठेवायला गेला होतास तेव्हा,” हयग्रीवराव पेपरात डोके घालत म्हणाले. मग पेपर खाली करून त्यांनी हात पुढे केला. “आण इकडे. बघू.”

त्रिविक्रमने ठिपका त्यांच्या बोटावर दिला. त्यांनी तो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला, चारही बाजूंनी फिरवून बघितला.

“बरा कापलाय त्यानं,” ते म्हणाले. “जरा जास्तच गोल आहे.”